नवरी वडगावला, आधार चंदगडला

माझं माहेर चंदगड तालुक्यात आणि सासर बेळगावात, वडगावला. लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात हे स्थळ कुणालाच लांबचं वाटलं नाही. एक चुलत बहीण पुण्याला दिली, एक मुंबईला. त्यांच्या मानानं मी अगदी हाकेच्या अंतरावर. चंदगडच्या माणसाला बेळगाव परगाव वाटतच नाही मुळी. रताळी विकायची तर बेळगावात, दवाखाना बेळगावात, लग्नाचा बस्ता गणपत गल्ली नाहीतर खडेबाजारात, सोनंही तिथंच. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर, पण ते पडलं शंभरावर किलोमीटर. तिकडं जायचं ते अंबाबाईच्या दर्शनाला, नाहीतर एखादं सरकारी काम अगदीच अडलं तर. आज्जी अजून ठासून सांगते, "माझा जन्म बेळगाव जिल्ह्यातला हाय." ते खरंच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. मग बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड कोल्हापूरला जोडलं. आज्जी जागची हलली नाही, तिचा जिल्हा तेवढा बदलला.

माझं उलटं झालं. मी सामानासकट हलले, पण माझे कागद चंदगडातच बसून राहिले. त्यांना इकडं आणायला दिवाळी उजाडली, आणि अजून एक यायचाच आहे.

लग्न झालं फेब्रुवारी २०२५ मध्ये. हळद निघायच्या आत पाचपरतावणाच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि नेमकं त्याच आठवड्यांत बसमध्ये भाषेवरून झालेल्या भांडणाचे पडसाद दोन्हीकडं उमटले. काही दिवस इकडची गाडी तिकडं जाईना, तिकडची इकडं येईना. ह्यांच्याकडं मोटरसायकल होती, पण आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामाच म्हणतात) काही केल्या ऐकेनात. "वल्या हळदीची पोर गाडीवरनं रानावनातनं न्यायची न्हाई." मग आम्ही बाचीपर्यंत कर्नाटकची बस धरली. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी करत गाडी बाचीला थांबली आणि तिथून हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीपर्यंत सामान घेऊन चालत निघालो. माझ्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, काखेला ओटीची पिशवी. ह्यांच्या डोक्यावर शिदोरीची बुट्टी. लग्नाआधी ह्यांनी कधी बुट्टी डोक्यावर घेतलेली नसावी, कारण मान एकीकडं आणि बुट्टी दुसरीकडं चालली होती. आमच्यासारखी आणखी माणसं होतीच. कॉलेजची पोरं, शिनोळीच्या कारखान्यात कामाला जाणारे, दूध घालून परत निघालेला एक गवळी. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. ही वाट चालायची वेळ याआधीही आलेली, पुढंही येणार, हे सगळ्यांना ठाऊक. शिनोळीत एसटी उभीच होती. चहा घेतला आणि बसलो.

एसटीत माझं तिकीट निम्मं लागलं. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत पन्नास टक्के सवलत आहे, आणि तिथं बाई कुठल्या गावची हे कुणी विचारत नाही. कर्नाटकातली तऱ्हा वेगळी. इथं ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या सरकारी बसमधून बायकांना प्रवास पूर्ण फुकट, पण बाई कर्नाटकात राहणारी पाहिजे आणि तसा पत्ता तिच्या ओळखपत्रावर पाहिजे. हे मला माहीत होतं. तरी वडगावहून सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला, जाताना कंडक्टरनं हात पुढं केला तेव्हा मी आधार दिलं. त्यांनी पत्त्याच्या ओळीवर अंगठा ठेवला, माझ्याकडं बघितलं, चुड्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "टिकेट तगोळ्री." शेजारच्या भाजीवाल्या आजींनी आपलं शून्य रुपयांचं तिकीट कनवटीला खोचत मला सल्ला दिला, "नवी नवरी न्हवं का? कार्ड बदलून घे बाळ, रोजचे पैसे जात्यात."

तर कामाची सुरुवात लग्नाच्या नोंदणीपासून. तो एक कागद हातात असला की पुढची दारं उघडतात, नसला की सगळीकडून एकच उत्तर: लग्नाचा दाखला आणा. लग्न बेळगावातल्या कार्यालयात लागलं होतं, त्यामुळं नोंदणी इथल्याच उपनिबंधक कचेरीत. दोघांचे वयाचे नि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, हार घातलेला आणि दोघांचे चेहरे नीट दिसणारा फोटो, आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार. साक्षीदार म्हणून ह्यांचे मामा, ह्यांचा उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला मित्र आणि माझा दादा. तिघांची सवड एका दिवशी जुळवणं हेच खरं काम होतं. दादाचा काजूचा हंगाम, मामांची कुठली तरी वास्तुशांत, मित्राची शिफ्ट. अर्ज कन्नडमधून. भरून देणाऱ्याला आम्ही मराठीतून सांगत होतो, तो कन्नडमधून लिहीत होता आणि शेवटी आम्ही विश्वासानं सह्या करत होतो.

कचेरीतले बाई-साहेब विजापूरकडच्या असाव्यात. मराठी मोडकं, पण वागणं आर्जवी. आमची पत्रिका उलटीपालटी करून त्या म्हणाल्या, "तारीख कुठं हाय?" पत्रिकेवर श्री गजानन प्रसन्न होता, शके होतं, माघाची तिथी होती, मुहूर्त मिनिटासकट होता, दोन्हीकडच्या झाडून साऱ्या भाऊबंदांची नावं होती, चिमुकल्यांचं "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं"सुद्धा होतं. इंग्रजी तारीख कोपऱ्यात, फुलांच्या नक्षीत अशी दडली होती की दादानं चष्मा लावून ती शोधून दाखवली. ज्यांच्या घरी लग्न निघालंय त्यांना माझं एवढंच सांगणं: पत्रिका छापताना इंग्रजी तारीख, वर्ष आणि कार्यालयाचा पूर्ण पत्ता ठळक टाका. चार भाऊबंद कमी छापले तरी चालतील. (हे मी बाबांना बोलून दाखवलं. त्यांना पटलेलं नाही.)

नावाचा प्रश्न मात्र घरातच आधी सुटला होता. गृहप्रवेशाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली. बायका भोवती जमलेल्या, आत्यांनी दोन-तीन नावं मनात धरून ठेवलेली. ह्यांनी माझं आहे तेच नाव लिहिलं आणि ताट पुढं सरकवलं. आत्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. आडनावाचा विषय मात्र आधारच्या वेळी निघाला. माझी बी.कॉम.ची पदवी, बँकेचं खातं, पॅन, सगळं माहेरच्या आडनावानं. ते बदलायचं तर एकेक कागद पुन्हा. मी आत्यांना सांगितलं, आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी आत्ताच कशाला खर्च करा? हे त्यांना लगेच पटलं. काटकसर म्हणून पटलं असावं. असो, पटलं हे महत्त्वाचं.

आधारचा पत्ता बदलणं त्या मानानं सोपं निघालं. जानेवारी २०२३ पासून एक सोय आहे, ती बऱ्याच जणींना माहीत नसते म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या नावाचा पत्त्याचा एकही पुरावा नसला, ना वीजबिल ना भाडेकरार, आणि नव्या नवरीच्या नावावर ते कुठून असणार, तरी कुटुंबप्रमुखाच्या पत्त्यावर आपला पत्ता नेता येतो. घरबसल्या आधारच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, कुटुंबप्रमुखाचा आधार क्रमांक घालायचा, नातं दाखवणारा कागद जोडायचा (इथं लग्नाचा दाखला कामी आला), आणि मी केला तेव्हा ५० रुपये भरायचे. मग कुटुंबप्रमुखाला मोबाइलवर निरोप जातो आणि त्यानं ३० दिवसांच्या आत होकार द्यायचा. न दिला तर अर्ज बाद. ह्यांना फाउंड्रीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी घरी आल्यावर चहा पिता पिता ह्यांनी होकार द्यायचा, आणि रोज काहीतरी निघायचं: ओटीपी आला नाही, रेंज गेली, झोप आली. "तुमचा होकार लग्नात एका मिनिटात आला होता," असं मी म्हटलं, त्या दिवशी काम झालं.

नवं कार्ड पोस्टानं आलं. पाकीट फोडलं तर एक बाजू इंग्रजी आणि दुसरी कन्नड. जुन्यावरची मराठी गेली. माझंच नाव, आणि मला ते वाचता येईना. जाऊबाईंची लेक पाचवीत, मराठी शाळेतच जाते, पण कन्नड विषय आहेच. ती उंबऱ्यावर बसली, कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि अक्षराखाली बोट सरकवत सरकवत मोठ्यानं वाचायला लागली. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. मग खालच्या ओळीत तिच्या काकाचं. जोडाक्षराला अडली, मागं आली, पुन्हा वाचलं. मग गल्लीचं नाव, वडगाव, बेळगावी. पिनकोड ५ पासून सुरू झाला तशी खुदकन हसली. काकू आता आमच्या नंबरात आली म्हणून. मग तिनं निकाल दिला, "तुझं नाव सोपं हाय काकू. काकाचं अवघड."

तिलाच मी गुरू केलं. संध्याकाळी शेजारच्या घरातल्या मागाची खटखट थांबली की आमची शाळा भरायची. वडगाव-खासबागेत अजून यंत्रमाग आहेत. पहिल्यांदा त्या आवाजानं मला झोप लागत नव्हती, आता तो थांबला की पोळ्या लाटायची वेळ झाली हे कळतं. कन्नड अक्षरं पहिल्यांदा मला ताटात सांडलेल्या कडबोळ्यांसारखी दिसायची. मी सगळी बाराखडी शिकायच्या भानगडीत पडले नाही. मला हवी होती फक्त पाट्यांवरची: वडगाव, अनगोळ, शहापूर, बाची, उचगाव. सीबीटीवर गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये, आणि दर वेळी कुणाला तरी "ही बाचीला जाते का हो?" विचारायचा मला कंटाळा आला होता. आकडे मात्र बाजारानं शिकवले. वडगावच्या भाजीबाजारात मराठी चालतं, पण खेड्यातून आलेल्या बायका भाव सांगतात तो "इप्पत्तु", "मूवत्तु" असाच. मी वीस आणि तीस एवढे दोन आकडे शिकले आणि त्यांच्या मधे घासाघीस सुरू केली. घरात मात्र ही अडचण नाही, घरात सगळे "येऊलोय, जाऊलोय, जेवूलोय" करतात. महिन्याभरात मीही फोनवर आईला "आत्ता भात घालूलोय" म्हणाले, तर आई पलीकडून बराच वेळ हसत होती.

पत्ता बदलला तसं शून्य रुपयांचं तिकीट मिळायला लागलं. कंडक्टर कार्डाकडं नीट बघतही नाहीत. मशीन कुर्रकन वाजतं, चिटोरा येतो, खाली रक्कम शून्य. गंमत अशी की आता माहेरी जाताना बाचीपर्यंत फुकट आणि शिनोळीच्या पुढं निम्मं. ह्यांना दोन्हीकडं पूर्ण. त्यामुळं हे आता मोटरसायकलचाच आग्रह धरतात.

पैशाचा हिशेब मात्र असा सरळ नव्हता. लग्नाआधी मला लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० येत होते. त्या योजनेत घरातली एक अविवाहित मुलगीही बसते, ती मी. योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांची. दादाचं म्हणणं, "कोण बघतंय? खातं हिकडंच हाय, येऊ देत की." मला ते बरं वाटेना. एकीकडं कर्नाटकचा पत्ता दाखवून फुकट फिरायचं आणि दुसरीकडं महाराष्ट्राचे पैसे घ्यायचे, हे दोन दगडांवर पाय ठेवणं झालं. मी अर्ज देऊन ते बंद करून टाकलं. आई चार दिवस नीट बोलली नाही. इकडं कर्नाटकात गृहलक्ष्मीचे २००० मिळतात, पण ते रेशनकार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख असेल तिला. म्हणजे आत्यांना. त्यांच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्या तो मला वाचायला देतात आणि बाजारातून येताना माझ्यासाठी काहीतरी आणतात. एकदा शहापुरी काठाची साडी आणली. माझ्या १५०० बद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "तुजं गेलं, माजं हाय. घरातच हाय की."

रेशनचं काम सगळ्यांत रेंगाळलं. एका आधारवर दोन कार्डं चालत नाहीत, म्हणून आधी बाबांच्या कार्डावरून नाव कमी करून तसा दाखला घ्यायचा, मग इकडं वाढवायचं. नाव कमी करायला चंदगडला तहसील कचेरीत मी आणि बाबा गेलो. बाबांचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, माणशी ५ किलो धान्य. अर्जावर सही करताना बाबा म्हणाले, "पाच किलोनं घर हलकं झालं म्हण की." आणि कचेरीच्या बाहेर येऊन उसाचा रस प्यायला घातला. लग्नाच्या पाठवणीला न रडलेला माणूस रसाच्या गाड्यापाशी उगाच रुमाल शोधत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं. दाखला घेऊन बेळगावला आले तर इकडं नाव वाढवायचं काम त्या वेळी बंद होतं. ते मधून मधून सुरू होतं, आणि सुरू झालं की सेवा केंद्राबाहेर सकाळपासून रांग. मधले काही महिने मी कुठल्याच कार्डावर नव्हते. दिवाळीच्या आधी एकदाचं नाव चढलं.

या सगळ्या फेऱ्यांना सणांनी फार मदत केली. नवी नवरी वर्षभर कुठल्या ना कुठल्या निमित्तानं माहेरी जातेच, तेव्हा प्रत्येक सणाला एकेक कागद जोडून घेतला. आषाढात नवरीनं सासूचं तोंड बघू नये म्हणतात, म्हणून मी माहेरी. पण वडगावच्या मंगाईची जत्राही आषाढातच, मंगळवारी. घरी पाहुणे, लेकीबाळी आलेल्या आणि सून तेवढी नाही, हे कसं दिसणार? आत्यांनी तोडगा काढला: जत्रेला ये, देवीचं दर्शन घे, जेव, पण माझ्यासमोर येऊ नको. ते घर तीन खोल्यांचं. दिवसभर मी स्वयंपाकघरात असले की त्या सोप्यात, मी सोप्यात आले की त्या मागच्या दारी. दुपारी पंगतीत वाढताना समोरासमोर आलोच. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि पदराआडूनच विचारलं, "त्या रेशनच्या दाखल्याचं काय झालं?"

पंचमीला दादा मुराळी म्हणून न्यायला आला. लहानपणी पंचमी आली की आम्ही ढोलगरवाडीच्या सर्पशाळेत साप बघायला जायचो, ते ह्यांना दाखवायचं होतं. हे आले, लांब उभे राहिले आणि सापांपेक्षा बाहेर पडायच्या दाराकडंच जास्त बघत राहिले.

आता मतदार यादी तेवढी उरली आहे. त्याला आठ नंबरचा अर्ज भरायचा, एवढंच. पण दादा म्हणतो, "जिल्हा परिषद होईस्तोवर थांब, काका उभारणार हायत, एक मत फुकट जायला नको." इकडं दीर म्हणतात, "लवकर नाव आण वैनी, वॉर्डात आमची मतं मोजकीच." कायदा दोघांच्याही सोयीचा नाही, जिथं राहायचं तिथंच नाव. ते मला कळतं, पण काकांसमोर बोलायची हिंमत दादालाच करू दे म्हणून अर्ज भरून कपाटात ठेवलाय. पुढच्या खेपेला तो त्यांना सांगणार आहे म्हणे.